बंद झालेले यंत्र आणि त्याची राखण

काट्यावर आम्हांस विचारतात, "संगणक चालतोय की, मग बदलायचा कशाला?" प्रश्न रास्त आहे.

यंत्राला चालविणारी जी मूळ प्रणाली, ती ऑपरेटिंग सिस्टिम. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स प्रणाली आपल्या ३८६ यंत्रावरच लिहायला घेतली. १९८५ ची ही चिप इंटेलने २००७ साली बनविणे बंद केले, आणि डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सनेही तिला वगळले. कारण साधे. नव्या चिपांना कळणाऱ्या काही सूचना ३८६ ला कळत नाहीत, म्हणून तिच्यापुरती निराळी सोय सांभाळत बसावे लागे. २०२३ साली इटॅनियम चिपही गेली. तिची देखभाल करायला माणूसच उरला नव्हता. उलट १९७७ सालापासूनची व्हॅक्स यंत्रे नेटबीएसडी प्रणालीवर अजून चालतात, कारण काही हौशी मंडळी ती राखून आहेत. बेणे मळ्याचेही असेच. चांगला वाणसुद्धा शुद्ध बेणे राखणारा नसला की बिघडतो.

आधार संपला म्हणून यंत्र त्याच दिवशी बसत नाही. पण दुरुस्त्या यायच्या थांबतात आणि चोरवाटा उघड्या राहतात. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

वजनाच्या नोंदीवर आपले बिल निघते. म्हणून जुने यंत्र ठेवायचेच तर ते इंटरनेटपासून तोडावे व नोंदींची दुसरी प्रत रोज काढावी. नाहीतर आधार असलेली प्रणाली घालावी. खर्चाचा विषय सभेपुढे येईल तेव्हा सभासदांनी एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती.