एका ताटलीत तीन खजूर

इफ्तारला अर्धा तास उरला आहे. कढईत भजी तळली जात आहेत, फळे चिरून झाली आहेत. समजा, या घरात नऊ वर्षांची एक मुलगी आहे आणि तिला बौद्धिक अक्षमता आहे. आई तिच्यापुढे पाच ताटल्या मांडते आणि खजुराचा डबा देते. प्रत्येक ताटलीत तीन ठेवायचे. पहिल्याच ताटलीत मुलगी सहा-सात टाकते. आई रागवत नाही, नुसती तीन बोटे दाखवते. मुलगी थांबते आणि जास्तीचे खजूर परत डब्यात टाकते.

पाहणाऱ्याला वाटेल, पोरीला कामात गुंतवले आहे. खरे तर हा तिचा गणिताचा तास आहे, आणि तो शाळेतल्या एका कागदावर लिहिलेला आहे. त्या कागदाला वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणतात. विशेष शिक्षक त्याला ‘आयईपी’ म्हणून ओळखतात. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने तो शाळांवर बंधनकारक झाला. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अभ्यासक्रम आणि परीक्षेत योग्य ते बदल करावेत, असेही हा कायदा सांगतो.

आराखड्याची सुरुवात मुलाला काय येत नाही यापासून करायची नसते. आधी काय येते ते पाहायचे. बौद्धिक अक्षम मुलांसाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली तपासणी सूची अनेक विशेष शाळा वापरतात. जेवण, कपडे, बोलणे, वाचन, पैशांचा व्यवहार अशी एकेक कृती त्यात असते. मूल ती स्वतःहून करते, खुणेने करते, सांगितल्यावर करते की हात धरून करवून घ्यावी लागते, याची नोंद होते. आज हात धरावा लागत होता आणि तीन महिन्यांनी नुसते सांगून भागले, तर ती प्रगतीच आहे. गुणपत्रिकेत ती दिसत नाही, इथे दिसते.

त्यानंतर उद्दिष्ट ठरते. ‘संख्याज्ञान वाढवणे’ असे लिहिले तर त्यातून काहीच हाती लागत नाही. ‘पाच ताटल्यांत प्रत्येकी तीन वस्तू, पाचपैकी चार वेळा, मदतीशिवाय ठेवेल’ असे लिहिले की शिकवणाऱ्याला आणि आईला दोघांनाही कळते की काय करायचे आणि कधी पुढे जायचे. कोण शिकवणार, कोणत्या साहित्याने आणि पुन्हा कधी तपासणार, हेही तिथेच लिहायचे. शेजारच्या घरी खजुरांच्या जागी दिवाळीच्या पणत्या असतील. गणित तेच राहते.

यात भाषेचा मुद्दा हमखास सुटतो. घरी उर्दू बोलणाऱ्या मुलाला मराठीत ‘चमचा कुठे आहे?’ असे विचारले तर तो ओळखेल. पण ‘वाटी’ म्हटल्यावर तो गोंधळू शकतो, कारण घरी तिला ‘कटोरी’ म्हणतात. ही अडचण शब्दाची असते, पण नोंद बुद्धीच्या खात्यात होते. म्हणून तपासणी मुलाच्या घरच्या भाषेत व्हायला हवी. घरची भाषा शिक्षकाला सांगू शकतात ते आईवडीलच.

आणि नेमके तेच या कामात मागे राहतात. कित्येकदा आराखडा आधीच भरलेला असतो आणि पालक दाखवलेल्या जागी सही करून निघतात. वर्गातल्या दहा मुलांच्या कागदांवर नाव तेवढे वेगळे आणि मजकूर एकच असेल, तर त्याला वैयक्तिक कसे म्हणायचे? शिक्षकांवर मुलांचा आणि कागदांचा भार मोठा आहे, हेही खरे. पण एका मुलाचे एक वर्ष वाया गेले तर ते परत मिळत नाही.

पालकांनी सहीपूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: माझ्या मुलाला आज काय येते? पुढच्या तीन महिन्यांत काय यावे? त्यासाठी घरी आम्ही काय करायचे? हे विचारायला पदवी लागत नाही. कागदाची एक प्रत मागून घ्यावी आणि ती स्वयंपाकघरात लावावी.

अजान होते. चार ताटल्यांत तीन-तीन खजूर आहेत, पाचवीत चार. आई वहीत नोंद करते: पाचपैकी चार, एकदा खूण. पाचव्या ताटलीतला जादा खजूर मुलीने तोवर खाऊन टाकलेला असतो.