दोन तारांची गाठ

माझ्या मामांकडे 1968 सालची ॲम्बॅसडर मोटार आहे. काही वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री आम्ही तिच्यातून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीच्या घाटात पुढचे दिवे आधी पिवळे पडले, मग लुकलुकू लागले आणि एका वळणावर दोन्ही एकदम विझले. एका बाजूला दरी, समोर मिट्ट काळोख! मामांनी कशीबशी गाडी कडेला घेतली. "अरे, बॅटरी तर दिवाळीत बदलली, दिवेही नवे आहेत," ते म्हणाले. बॉनेट उघडले तर जळक्या वेष्टनाचा वास आला. बॅटरी निर्दोष होती, दिवेही निर्दोष होते. दोष होता वाटेतल्या एका गाठीत. कुणीतरी कधीतरी दोन तारांना नुसता पीळ मारून वर चिकटपट्टी गुंडाळली होती.

मित्रांनो, एवढीशी गाठ दोन दिवे कशी विझवते? ओहमचा नियम तुम्ही शिकला आहात. तोच घेऊन थोडे गणित करून पाहू.

मोटारीची बॅटरी 12 व्होल्टची. 45 वॉटचे दोन दिवे लावले की तारेतून साडेसात अँपिअर प्रवाह वाहतो. दोन्ही दिव्यांचा मिळून रोध होतो 1.6 ओहम. आता वाटेतल्या गाठीचा रोध फक्त 0.2 ओहम धरा. एकूण रोध 1.8 ओहम झाला, प्रवाह उतरून सुमारे 6.7 अँपिअरवर आला आणि 12 व्होल्टांपैकी 1.3 व्होल्ट त्या गाठीनेच खाल्ले. दिव्याचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. व्होल्टेज एक नवमांश कमी झाले, तर प्रकाश जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो! आणि गाठीने खाल्लेल्या ऊर्जेचे काय होते? तिची उष्णता होते, जवळजवळ नऊ वॉट. बोराएवढ्या जागेत नऊ वॉट म्हणजे वेष्टन वितळायला पुरेसे आहे.

हीच गाठ घरातल्या 230 व्होल्टच्या तारेत असती आणि तिच्यावर 90 वॉटचा दिवा लावला असता, तर तिच्यावर व्होल्टचा दहावा हिस्साही खर्च झाला नसता. व्होल्टेज कमी म्हणून त्याच कामाला प्रवाह जास्त लागतो, आणि प्रवाह जास्त म्हणून गाठ अधिक चोख लागते. इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टरकडे पाहा. तो सहज 150 अँपिअर ओढतो. त्याच्या जाड तारेच्या टोकाशी 0.01 ओहमचा रोध आला, तरी दीड व्होल्ट गेले आणि 225 वॉट उष्णता झाली. नऊ सोल्डरिंग आयर्न एकाच ठिकाणी तापावीत तसे हे आहे.

पण तांब्याला तांबे टेकले असताना रोध येतोच कुठून? डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा धातूचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांसारखा दिसतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले, तर फक्त काही शिखरेच एकमेकांना भिडतात. सगळा प्रवाह त्या मोजक्या बिंदूंतून दाटीवाटीने जातो. रॅग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात या संपर्कबिंदूंचा सखोल अभ्यास केला. गाठ दाबून धरली की बिंदू वाढतात, सैल झाली की कमी होतात.

पीळ मारलेल्या तारेत हा दाब टिकत नाही. दिवा लावला की गाठ तापून प्रसरण पावते, विझवला की आकुंचन पावते, आणि गाडीचे हादरे चालूच असतात. हळूहळू पीळ सैल पडतो आणि फटीत हवा व ओल शिरते. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे तुम्ही आजीकडून ऐकले असेल. हवा, ओल आणि मीठ-आम्ल मिळाले की तांब्यावरही तशीच हिरवट-काळी पुटे चढतात आणि ती प्रवाहाची वाट अडवतात. इंजिनाच्या उष्णतेने चिकटपट्टीचा डिंकही वितळून पट्टी सुटते. म्हणून पीळ आणि पट्टी ही जोडणी रस्त्यात अडलेली गाडी घरी आणण्यापुरतीच. घरी पोचल्यावर ती कापून टाकावी, असे माझे ठाम मत आहे.

मग डाख द्यावा काय? डाख म्हणजे कथील आणि शिसे यांचा मिश्रधातू. साठास चाळीस प्रमाणाचा डाख 183 अंश सेल्सियसला वितळू लागतो आणि तारांच्या फटींत शिरून हवेला जागाच ठेवत नाही. कल्हईवाला भांडे तापवून नवसागर टाकतो, तेव्हा तांब्यावरची पुटे निघतात आणि कथील धातूला धरते. तारेच्या डाखालाही असाच साफ करणारा पदार्थ लागतो. मात्र तिथे नवसागर चालत नाही, कारण मागे उरलेला अंश पुढे तार खात बसतो. तिथे राळ वापरतात.

डाखाचा संपर्क उत्तम असतो, पण त्यात एक खोच आहे. मोटारीची तार बारीक बारीक धाग्यांची असते, म्हणून ती लवते. वितळलेला डाख दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा धाग्यांमधून वर चढतो आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. हादरे बसले की सगळे वाकणे त्या ताठ भागाच्या कडेला एकवटते, आणि धागे तिथेच एकेक करून तुटतात. म्हणून डाख दिलेल्या तारेला जवळच चिमट्याने आधार द्यावा लागतो. डॅशबोर्डच्या मागे, जिथे हादरे कमी, तिथे डाख शोभतो. इंजिनाजवळ मी तो टाळीन. आणि स्क्रूखाली दाबायच्या तारेला तर डाख देऊच नये. मऊ डाख दाबाखाली सावकाश पसरतो आणि घट्ट केलेला स्क्रू आपोआप सैल पडतो.

तिसरी रीत क्रिंपिंगची. तारेचे टोक थिंबलच्या नळीत घालून ती नळी खास पकडीने चेपतात. दाब इतका असतो की धागे आणि नळी दोघांचाही आकार बदलतो, पुटे फुटून बाजूला सरतात आणि धातूला धातू भिडतो. 1941 साली अमेरिकेत एएमपी ही कंपनी निघाली, तिने विमाने आणि बोटींसाठी अशा डाखाविना जोडण्या बनवल्या. चांगल्या थिंबलला दुसरी चेप वेष्टनावर असते, हादरे ती झेलते. पण थिंबल तारेच्या मापाचेच हवे. मोठे घेतले तर तार आत खुळखुळते, आणि फाजील चेपले तर धागे कापले जातात. साध्या पकडीने नळी नुसती चपटी होते. चेपून झाल्यावर तार हाताने जोरात ओढून पाहावी. सुटली तर बरेच झाले, घाटात सुटली नाही!

जुन्या ब्रिटिश गाड्यांत आणखी एक जोडणी सापडते. तारेच्या टोकाला 4.7 मिलिमीटर जाडीची पितळी गोळी असते, आणि अशा दोन गोळ्या रबरी वेष्टनाच्या एका नळीत दोन बाजूंनी बसवतात. ॲम्बॅसडर ही मुळात मॉरिस ऑक्सफर्ड असल्यामुळे तिच्यातही हा प्रकार भेटतो. जुनी गाडी तिच्या मूळ रूपात ठेवायची असेल, तर ही गोळी टाकून देऊ नये. भारतात 2021 सालच्या नियमांनुसार 50 वर्षांवरील गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवताना मूळ रूपच पाहिले जाते. रबर तडकले असेल तर नळी नवी घ्यावी आणि गोळी घासून लख्ख करावी.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची तार सोडावी लागते. त्यातही सांगाड्याला जोडलेली तार आधी सोडावी, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. पुष्कळ जुन्या ब्रिटिश गाड्यांत सांगाड्याला बॅटरीचे धन टोक जोडलेले असते. तेव्हा आधी पाहून घ्यावे, आणि शेजारी मोठे माणूस असावे.

गाठ चांगली की वाईट, हे ओळखायचे कसे? पुष्कळजण टेस्ट लॅम्प लावतात आणि तो पेटला की समाधान मानतात. पण वीस धाग्यांपैकी एकच उरला असेल, तरी लहान दिवा पेटतोच! खरी परीक्षा म्हणजे पुढचे दिवे चालू ठेवून मल्टिमीटरच्या दोन टोकांनी गाठीच्या दोन बाजूंमधले व्होल्टेज मोजणे. चांगल्या गाठीवर ते व्होल्टच्या काही शतांशांइतके असते. मामांच्या गाडीत आम्ही ते दुसऱ्या दिवशी मोजले. घाटातली गाठ तर जळूनच गेली होती, पण हॉर्नच्या तारेवरच्या तिच्या बहिणीने 1.1 व्होल्ट दाखवले. आम्ही दोन्ही कापून थिंबले बसवली.

एक कोडे मात्र तरीही राहिले. मागचा दिवा चालू असताना उजवा इंडिकेटर लावला की तो मागचा दिवाही लुकलुके. सगळ्या गाठी ठीक होत्या! मोटारीत परतीची तार नसते, प्रवाह सांगाड्यातून बॅटरीकडे परततो. त्या दिव्याचा स्क्रू गंजलेल्या पत्र्यावर बसला होता, म्हणून इंडिकेटरचा प्रवाह शेजारच्या दिव्यातून वाट शोधत होता. स्क्रू काढला, रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा केला, स्क्रू परत आवळला आणि वरून थोडे ग्रीस लावले. मग मामांनी इंडिकेटर लावला. मागचा दिवा शांतपणे जळत राहिला.