पहाटेची कॉफी

बँकेत असताना मी पहाटे पाचला कादंबरी लिहायला बसे. सौ. न बोलता कॉफी ठेवून जाई. आता तिचे गुडघे दुखतात, म्हणून ओटा माझ्याकडे.

काम पाच मिनिटांचे. अर्धा कप पाण्यात साखर, ठेचलेला वेलदोडा आणि चिमूटभर सुंठ उकळायची. ओले आले नको, दूध फाटू शकते. मग तितकेच दूध, शेवटी चमचाभर इन्स्टंट कॉफी. जायफळ किसणीवर एकदाच फिरवायचे. पहिल्या दिवशी मी सढळ हाताने किसले. तान्ह्या बाळांना झोप यावी म्हणून उगाळून देत ते जायफळ, आणि मी घालत होतो तरतरीसाठी! सौ. हसली, ‘‘पुन्हा झोपायचंय का?’’

तेव्हा तुझा कप कुठे असायचा, मी विचारले.

‘‘मी चहा घ्यायची. कॉफी महाग, तुमच्यापुरतीच आणायची.’’

घरखर्चाची वही दरमहा मीच तपासत असे.