कार्डाच्या पाठीवरचे चरित्र

चरित्र या वाङ्मयप्रकाराची चर्चा आपल्याकडे बहुधा ग्रंथरूप चरित्रांपुरती मर्यादित राहिली आहे. चारशे पृष्ठांचे चरित्र आपण समीक्षेचा विषय मानतो; चार ओळींचे चरित्र मात्र ‘परिचय’ म्हणून बाजूला सारतो. वस्तुतः अल्पाक्षरी चरित्रलेखन मराठीला अपरिचित नाही. महानुभावांच्या लीळा आहेत, आणि सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी १९३२, १९३७ व १९४६ मध्ये सिद्ध केलेल्या तीन चरित्रकोशांतील नोंदीही आहेत. या लेखनाचा अगदी टोकाचा नमुना मात्र वाङ्मयाच्या प्रांताबाहेर, अमेरिकेतील बेसबॉल खेळाडूंच्या जुन्या कार्डांच्या पाठीवर आढळतो. प्रस्तुत लेखात त्याच्या निमित्ताने एका मराठी प्रश्नाकडे जावयाचे आहे.

ही कार्डे प्रथम सिगारेटच्या पाकिटातून आणि पुढे बबलगमबरोबर मिळत. दर्शनी बाजूस खेळाडूचे चित्र असे. १९०९ ते १९११ मधील प्रसिद्ध मालिकेच्या पाठीवर सिगारेटची जाहिरात छापलेली असे. १९११ मधील सोनेरी कडांच्या मालिकेत खेळाडूच्या परिचयालाही जागा मिळाली. १९३३ मध्ये गाउडी कंपनीने काढलेल्या २४० कार्डांत हाच परिपाठ दिसतो. टॉप्स कंपनीच्या १९५२ मधील ४०७ कार्डांत त्याचा आकृतिबंध स्थिरावला. जन्मस्थळ, उंची, वजन, काही ओळींचे निवेदन आणि त्याखाली गतवर्षाची व संपूर्ण कारकिर्दीची आकडेवारी, असा तो साचा होता.

आकडेवारी येथे केवळ पुरवणी म्हणून येत नाही. निवेदकाला तिच्याशी सतत तडजोड करावी लागते. नामवंत खेळाडूचे आकडेच बोलत असल्याने त्याच्याविषयीचे निवेदन अनेकदा आकड्यांची पुनरुक्ती होऊन बसते. ज्याचे आकडे सामान्य आहेत, त्याच्या बाबतीत मात्र निवेदकाला अन्यत्र शोध घ्यावा लागतो. मग हिवाळ्यातील नोकरी, शिकारीचा छंद, लष्करातील सेवा, पुढील हंगामाविषयीची आशा असे तपशील येतात. परिणामी, अपयशी खेळाडूचे चरित्र यशस्वी खेळाडूच्या चरित्रापेक्षा अधिक कथात्म होते. ग्रंथरूप चरित्रात सहसा याच्या उलट घडते. आणखी एक भेद असा की कोशातील नोंद बहुधा चरित्रनायकाच्या मृत्यूपाशी मिटते, तर कार्डावरील चरित्र छापले जाते तेव्हा नायक अद्याप मैदानावर असतो. पुढल्या वर्षी तेच चरित्र नव्याने लिहिले जाते.

पण अर्थनिर्णयाची सुरुवात निवेदनाच्याही आधी, नावापासून होते. पोर्तो रिकोचे रोबेर्तो क्लेमेंते १९५५ मधील टॉप्सच्या कार्डावर ‘रोबेर्तो’ होते. १९५७ पासून १९६९ पर्यंत त्याच कंपनीने त्यांना ‘बॉब’ केले. त्यांना स्वतःला हे नाव रुचत नसे. पाठीवरचे आकडे बिनचूक आणि दर्शनी नाव परके, अशी ही विसंगती आहे.

हाच निकष पालवणकर बाळू यांना लावून पाहावा. त्यांचे कार्ड निघाले असते तर त्याच्या पाठीवर १९११ चा इंग्लंड दौरा आला असता : सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी, सरासरी १८.८४. हे आकडे खरे आहेत आणि थोरही आहेत. तथापि चर्मकार समाजातील या गोलंदाजाला पुण्यात हिंदू संघातून खेळताना चहाच्या वेळी मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई, याला आकडेवारीत रकाना नाही. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. न मिळालेले पद कोणत्या रकान्यात नोंदवावयाचे?

येथेही नावाकडे लक्ष द्यावे लागते. तत्कालीन धावफलकांत ‘पी. बाळू’, ‘पी. शिवराम’, ‘पी. विठ्ठल’ अशी नावे आढळतात. आद्याक्षर आणि आडनाव या इंग्रजी संकेतात व्यक्तिनाम आडनावाच्या जागी गेले आणि गावाची खूण सांगणारे ‘पालवणकर’ एका अक्षरात लोपले. धावफलक वाचणाऱ्या परक्यास हे सख्खे भाऊ आहेत, हेही कळू नये! विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्राच्या आपल्या अध्यापनात त्याचा उल्लेखही सहसा होत नाही, ही उणीव क्रीडाप्रेमींची नसून आपली, मराठीच्या अध्यापकांची आहे.

नाशिक जिल्ह्यात याच्या नेमके उलट उदाहरण आहे. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक व त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ या त्यांच्या उपाधीत गाव आद्याक्षरात आकसत नाही. उलट तेच पुढे येते. मात्र या उपाधीमागोमाग गरिबी, पाणी आणि अनवाणी पाय हे ठरीव तपशील जवळजवळ आपोआप येतात. अवगुंठनाचा हाही एक प्रकारच म्हणावयाचा.

मध्यंतरी पदव्युत्तर वर्गात मी त्यांचे चरित्र साठ शब्दांत लिहावयास दिले होते. बहुतेकांनी पहिले वाक्य दारिद्र्याचे लिहिले. हरसूलकडून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मात्र थेट दिल्लीच्या शर्यतीपासून आरंभ केला. पाड्यावरच्या जीवनाचा एकही तपशील त्याने दिला नव्हता. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, गाव तर नावातच आलंय. मग साठ शब्दांत ती पळालेली तरी दिसू द्या की.”