भेकराचा सातबारा कोणाच्या नावावर?

तुंगारेश्वरच्या डोंगरात कधी पहाटे भुंकणं ऐकू येतं. एक भुंक, जरा दम, पुन्हा एक. वस्तीपासून इतक्या आत कुत्रा कुठून आला, असं वाटतं. पण भुंकणारा कुत्रा नसतो, भेकर असतं: शेळीएवढं, तांबूस, एकटं राहणारं हरीण. बिबट्याची चाहूल लागली की ते असं ओरडतं. नराचे सुळे ओठाखालून डोकावतात, आणि कपाळावरून निघालेल्या दोन केसाळ खुंटांवर वीतभरही नसलेली शिंगं असतात.

वसईच्या या डोंगराला 2003 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र 85.70 चौरस किलोमीटर. भेकराला त्याची हद्द कोण दाखवणार? रात्री ते पायथ्याच्या भातखाचरात उतरतं, उजाडायच्या आत वर जातं. मग हे भेकर कोणाचं? वनखात्याचं, की ज्याच्या बांधावर उभं आहे त्या शेतकऱ्याचं?

हा प्रश्न जुना आहे. रोमन कायद्यात रानातलं जनावर कोणाचंच नसे. जो पकडेल त्याचं. जमीनमालक फार तर शिकाऱ्याला आपल्या रानात शिरू नको म्हणू शके. अमेरिकेत याच प्रश्नातून मोठा धंदा उभा राहिला. टेक्सासमध्ये 95 टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे. तिथलं हरीण राज्यातल्या जनतेचं, पण त्याच्यापर्यंत पोचायची वाट मात्र मालकाची. शिकारी हंगामापुरतं रान भाड्याने घेतो. पैसे मोजतो ते हरणाचे नव्हे, आत शिरण्याचे. ज्याला हे परवडत नाही तो स्वस्तातला परवाना काढून सरकारी रानात जातो आणि तिथल्या गर्दीत आपलं नशीब अजमावतो. जर्मनीत शिकारीचा हक्क जमिनीलाच चिकटलेला आहे. सलग 75 हेक्टर असतील तर मालकाचं स्वतःचं शिकारक्षेत्र होतं.

आपल्याकडेही रान भाड्याने मिळायचं, फक्त भाडं घेणारं सरकार होतं. वनखातं राखीव जंगलाचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडून ते ठरावीक मुदतीसाठी देई. किती जनावरं मारायची तेही परवान्यावर लिहिलेलं असे. मुंबई राज्याने 1951 मध्ये वन्य प्राणी आणि पक्ष्यांसाठी कायदा केला, त्यातही परवाने होतेच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेसुद्धा परवान्यावरच्या शिकारीचं दार थोडं किलकिलं ठेवलं होतं. ते बंद झालं 1991 च्या दुरुस्तीने.

दरम्यान जमिनीचाही हिशेब बदलला. 30 ऑगस्ट 1975 रोजी महाराष्ट्रातली खाजगी वनं कायद्याने सरकारजमा झाली. त्यामुळे भाड्याने द्यायला खाजगी जंगल फारसं उरलं नाही, आणि पुढे शिकारही उरली नाही.

खरी गंमत वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 39 मध्ये आहे. मोकळ्या रानात फिरणारं जिवंत भेकर कोणाच्या मालकीचं, याबद्दल हे कलम अवाक्षर काढत नाही. ते मेलं, की मात्र बोलू लागतं. बेकायदा मारलेलं, चुकून मारलं गेलेलं किंवा नुसतं मरून पडलेलं भेकर सरकारी मालमत्ता ठरतं. मांससुद्धा सरकारी. गुन्ह्यात वापरलेला आणि जप्त झालेला फासा, बंदूक, मोटारसायकल, तीही सरकारी. असं मेलेलं जनावर कोणाच्या हाती आलं, तर 48 तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे खबर द्यायची. शेत स्वतःचं असो, बापजाद्यांचं असो की खंडाने घेतलेलं, नियम तोच. अभयारण्यात शिकार केली तर 3 ते 7 वर्षं कैद.

भेकर दरवर्षी शिंगं टाकतं, नवी उगवतात. गळालेलं शिंग पाऊलवाटेवर दिसलं तर? हाताला मोह आवरत नाही, पण 1927 च्या भारतीय वन कायद्यात जंगलात सापडणाऱ्या शिंग-हाडांची गणती मध आणि मेणाबरोबर वनोपजात होते. अभयारण्यातून वनोपज परवान्याशिवाय हलवता येत नाही. जनावराने स्वतःहून टाकलेली वस्तूही रानाचीच.

टेक्सासचा कायदा जमिनीचं कुंपण बघतो. आपला जनावराच्या मागोमाग भातखाचरापर्यंत उतरतो. टेक्सासमध्ये हरणामुळे मालकाला भाडं मिळतं, म्हणून तो पाणवठे राखतो, चारा घालतो. इथे शेतकऱ्याच्या पदरात खाल्लेलं पीक पडतं. म्हणूनच हरणांनी केलेल्या नासाडीची भरपाई वनखातं देतं; तिच्यासाठी पंचनामा लागतो, कागद लागतात. शिकारीवर बंदी घालणं सोपं होतं. तिची किंमत बांधावरच्या माणसाला एकट्याला मोजावी लागू नये, हे काम त्या पंचनाम्यावर अवलंबून आहे, आणि भेकराचं भवितव्यही बऱ्याच अंशी त्यावरच.