न दुखणारी जागा

इन्सुलिन पेनला लावायची सर्वांत छोटी प्रचलित सुई 4 मिलिमीटरची. माणसाची त्वचा साधारण 2 ते अडीच मिलिमीटर जाड, म्हणजे ही सुई खालच्या चरबीत पोचते, स्नायूपर्यंत सहसा जात नाही. तरी दुखतं का? इन्सुलिन फ्रिजमधून काढून थेट टोचलेलं असतं, स्पिरिट वाळलेलं नसतं, किंवा सुई कालचीच असते. सुई एकदाच वापरायची, हे वेष्टनावर लिहिलेलं असतं. पण पैसे वाचवायला लोक ती दिवसेंदिवस चालवतात. वरचा सिलिकॉनचा गुळगुळीत थर जातो, टोक बोथट होतं. ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन मात्र मुळातच आम्लधर्मी, सुमारे 4 पीएचचं. ते काहींना चुरचुरतं, त्यात सुईचा दोष नाही.

खरी गोम वेगळीच आहे. बेंबीशेजारी त्याच त्या जागी टोचत राहिलं की तिथे चरबीची रबरासारखी गाठ धरते. तिथे दुखतं कमी, म्हणून हात आपसूक तिकडेच वळतो. पण गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा, कधी कमी रक्तात उतरतं आणि साखर वरखाली होत राहते. पोट बोटांनी चाचपलं की गाठ बहुधा कळते. ती सोडून नव्या जागी टोचलं, तर तोच डोस भारी पडून साखर एकदम उतरू शकते. म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.