बी.ए. झालं, आता पुढं काय?

निकाल लागतो, पेढे वाटून होतात, आणि आठवडा उलटत नाही तोच घरात एक प्रश्न येऊन बसतो. नर्सिंग किंवा फार्मसी झालेल्या मुलीला तो कुणी विचारत नाही. बी.ए. झालेलीला मात्र शेजारीपाजारीही विचारतात, आणि तिचं उत्तर ऐकून घेण्याआधीच एखादं स्थळ सुचवून मोकळे होतात!

बीड जिल्ह्यातलं युसूफ वडगावच घ्या. केज तालुक्यातलं गाव. मांजरा धरण ज्या धनेगावला आहे तेही याच तालुक्यात. तरी दसरा-दिवाळीच्या सुमाराला या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. अशा ठिकाणची मुलगी केजला नाहीतर अंबाजोगाईला एस.टी.नं जाऊन येऊन बी.ए. होते, ती काही सुखासुखी होत नाही. पदवी हातात पडली की घरचे म्हणतात, "एक वर्ष बघू." मग त्या मुलीची आई तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी दिलेल्या बहिणीला फोन करते, "तुझ्याकडे ठेवून घेतेस का गं हिला? काहीतरी मार्गाला लागेल."

ती बहीण म्हणजे तुम्हीच. भाची बॅग घेऊन दारात उभी राहिली की तिला काय सांगायचं? आणि लग्नात बी.ए.चं सर्टिफिकेट ट्रंकेच्या तळाशी घालून आलेल्या आपल्यासारख्या कितीजणी आहेत, त्यांचं काय?

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. "बी.ए.ला काय किंमत?" असं म्हणणाऱ्यांनी मराठवाड्याचा मागचा काळ आठवावा. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी इथल्या कॉलेजांना हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे बघावं लागे. आणि अंबाजोगाईतच शैला लोहियांचं उदाहरण आहे. त्या मराठीच्या प्राध्यापिका होत्या, लेखिका होत्या. डॉ. द्वारकादास लोहियांच्या बरोबरीनं 'मानवलोक'च्या कामात उभ्या राहिल्या, आणि 'मनस्विनी'तून अडचणीतल्या बायकांसाठी त्यांनी आयुष्यभर काम केलं. २०१३ साली त्या गेल्या. भाषा, समाज, माणसं हे जे विषय आपण 'नुसते आर्ट्स' म्हणून बाजूला सारतो, त्यांच्याच बळावर हे काम उभं राहिलं.

आता व्यवहाराकडे वळू. भाचीला पहिल्याच दिवशी एवढंच विचारा: घरची परिस्थिती आणखी दोन-तीन वर्षं शिकू देईल, की लगेच चार पैसे मिळवायला हवेत? रस्ता यावरून ठरतो. "दोन्ही बघू" म्हणणाऱ्या मुलींचं ते 'एक वर्ष' फॉर्म भरण्यातच संपतं.

बी.ए. म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी बी.एड. येतं. वाईट नाही, पण डोळे उघडे ठेवून जावं. २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आहे. प्रवेशासाठी सी.ई.टी. द्यावी लागते, आणि पदवीला खुल्या वर्गासाठी निदान ५० टक्के गुण लागतात. "घरबसल्या बी.एड. करून देतो" म्हणून पैसे मागणारा कुणी भेटला, तर त्याला चहासुद्धा विचारू नका! दूरशिक्षणानं होणारं बी.एड. मुळात आधीच प्रशिक्षण घेतलेल्या, शाळेत काम करणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. ताज्या बी.ए.ला ते मिळत नाही.

दुसरं असं, की बी.एड. झालं म्हणजे शिक्षिका झाली, हा हिशेब आता जुना झाला. पहिली ते पाचवीच्या वर्गांना बी.एड. चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं; तिथं डी.एड.सारखं प्राथमिकचं प्रशिक्षण लागतं. सहावी ते आठवीसाठी टी.ई.टी. पास व्हावी लागते. सरकारी नि अनुदानित शाळांतल्या भरतीसाठी वेगळी अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल. तेव्हा बी.एड.च्या दोन वर्षांच्या पुढं थांबण्याची काही वर्षं धरूनच घरात बोला. मुलीचा विषय कोणता तेही बघा. आमच्या मते इंग्रजी घेतलेल्या मुलीला खाजगी शाळेत, शिकवण्यांत लवकर जागा मिळते. इतिहासवालीला जरा जास्त वाट बघावी लागते.

एम.ए. करायचं असेल तर 'लग्न ठरेपर्यंत' म्हणून करू नये. पुढं प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट हवी, आणि त्यासाठी एम.ए.ला खुल्या वर्गाला ५५ टक्के लागतात, राखीव वर्गांना ५०. कसंबसं काढलेलं एम.ए. तिथंच अडतं. शिवाय नेट-सेट झालेल्यांनाही कितीतरी कॉलेजांत तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या पैशांत राबावं लागतं, हे मुलीला आधीच सांगावं. विषयाची खरी ओढ असेल तर मात्र अडवू नये.

ज्यांची नावं घरात निघतच नाहीत असेही रस्ते आहेत. ग्रंथालयशास्त्राची पदवी बी.ए.नंतर एका वर्षात होते, आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घर सांभाळून करता येते. वकिलीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही पदवीनंतर घेता येतो. बाईची कैफियत ऐकून घेणारी वकील बाई तालुक्याच्या कोर्टात हवीच असते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची. अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिकेची जागा तर खास बायकांसाठी, पदवीधरांसाठी. समाजशास्त्र, गृहविज्ञान अशा विषयांना तिथं प्राधान्य असतं. समाजशास्त्र घेतलेल्या मुलीला हे कॉलेजात कुणी सांगितलेलं असतं का? क्वचितच.

लगेच मिळवायचं असेल तर पदवीच्या जोडीला हातात एखादी कला हवी. मराठी टायपिंगचा ३० शब्दांचा नि इंग्रजीचा ४० शब्दांचा दाखला, आणि एम.एस.-सी.आय.टी. लिपिक-टंकलेखकाच्या जागांना ही कागदपत्रं लागतात, आणि वकिलाच्या किंवा पतसंस्थेच्या ऑफिसातही ती उपयोगी पडतात. सहा-आठ महिन्यांत, दुपारच्या वेळात होणारं काम आहे.

आता आपलं, म्हणजे लग्न झालेल्यांचं. एम.पी.एस.सी.च्या बहुतेक पदांना कोणतीही पदवी चालते. राज्यसेवेला वयाची मर्यादा खुल्या वर्गाला ३८ वर्षं, मागासवर्गीयांना ४३. लग्न, मुलं आड येत नाहीत. महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा लेखी, वर्णनात्मक झाली आहे. निबंध लिहिण्याची, इतिहास-भूगोल वाचण्याची सवय असलेल्या बी.ए.वालीला ही पद्धत परकी नाही. पण फक्त याच एका परीक्षेवर पाच-सात वर्षं घालवू नयेत. किती प्रयत्न करायचे तो आकडा घरात आधी ठरवावा, नि तोवर दुसरं एखादं शिक्षण चालू ठेवावं.

यात आपल्याला सर्वांत जास्त छळतात ते कागद. सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं! विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंदही. जातीचा दाखला वडिलांच्या कागदांवरून निघतो. नॉन-क्रिमिलेअरलाही आईवडिलांचीच परिस्थिती बघतात, नवऱ्याचा पगार धरत नाहीत. म्हणजे त्यासाठी माहेरीच हेलपाटे. ते दिवाळीच्या माहेरपणात उरकून घ्यावेत, एस.टी.त २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे.

युसूफ वडगावच्या भाचीसाठी आणखी एक. अंबाजोगाईहून लातूर जवळ, म्हणून पुष्कळ मुली पुढच्या शिक्षणाला तिकडे जातात. पण बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे आणि लातूर नांदेडच्या. विद्यापीठ बदललं की स्थलांतर प्रमाणपत्र मागतात. कॉलेजातून टी.सी. काढायला जाल त्याच दिवशी त्याचाही अर्ज भरून या.